फळीवरची बारीक अक्षरं

एप्रिलमध्ये टोकियोतल्या उएनोच्या आमेयोको बाजारात मराठी सहज कानावर पडतं. साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, बघायला आलेल्या मंडळींना टूरवाल्यांनी अर्धा तास मोकळा दिलेला असतो आणि तो बहुतेकांचा ड्रगस्टोअरमध्येच जातो. अशाच एका दुकानात एक काकू सनस्क्रीनची निळी ट्यूब उलटीपालटी करून बघत होत्या. पुढून, मागून, टोपणाजवळ, ट्यूबच्या चपट्या कडेवर. शेवटी ती सुनेच्या हातात देत म्हणाल्या, "तारीखच नाही गं यावर. जुना माल खपवत असतील. ठेव परत." सुनेनं मुकाट्यानं ठेवली. मागे उभ्या असलेल्या दोघीतिघींनीही आपापल्या हातातल्या वस्तू तपासल्या, आणि त्यातल्याही दोन फळीवर परत गेल्या.

काकूंचं चुकलं नव्हतं. आपल्याकडे क्रीमच्या डबीवर उत्पादनाची तारीख, कधीपर्यंत वापरायचं ते आणि एमआरपी छापायलाच लागते, त्यामुळे वस्तू हातात आली की बोट आपोआप त्या तीन ओळी शोधतं. जपानी बाटलीवर त्यातलं बहुधा काहीच नसतं. न उघडता, साध्या तापमानाला तीन वर्षांहून जास्त टिकणाऱ्या प्रसाधनावर तारीख छापण्याची सक्ती तिथल्या कायद्यात नाही. फळीवरचा बहुतेक माल तेवढा टिकतो, म्हणून तारीख नाही. एखाद्या बाटलीवर तारीख दिसलीच, तर ती वस्तू तीन वर्षांच्या आत बिघडू शकते असा त्याचा अर्थ, म्हणजे आपल्या सवयीच्या बरोबर उलट. छापलेला असतो तो फक्त घाण्याचा, म्हणजे बॅचचा, क्रमांक, ट्यूबच्या चिमटलेल्या कडेवर किंवा बाटलीच्या बुडाशी, आणि तो कंपनीलाच कळतो. आपण एवढंच करायचं, की विकत घेतल्याचा महिना टोपणावर पेननं लिहायचा. न उघडलेली वस्तू तीन वर्षांच्या आत संपवायची, उघडलेलं सनस्क्रीन त्याच उन्हाळ्यात, मस्कारा तीनेक महिन्यांत.

एमआरपी नसल्याचा गोंधळ त्याहून मोठा. एकच ट्यूब स्टेशनसमोर एका भावाला, दोन गल्ल्या आत दुसऱ्या भावाला आणि वस्तीतल्या दुकानात तिसऱ्याच. कंपनीनं ठरवलेल्या भावानंच विकायचं हे बंधन प्रसाधनांवर पूर्वी होतं, पण १९९७ मध्ये ते पूर्णपणे गेलं आणि मग दुकानं एकमेकांच्या भावावर नजर ठेवून आकडे बदलू लागली. फळीवरच्या चिठ्ठीत मोठ्या अक्षरात असतो तो बहुतेकदा कर न धरलेला आकडा. कर धरून होणारी किंमत दाखवणं एप्रिल २०२१ पासून सक्तीचं आहे, पण किती मोठी दाखवायची हे दुकानावर. म्हणून ठळक लाल १,००० येनच्या पोटात बारीक १,१०० बसलेले असतात. प्रसाधनांवर कर १० टक्के, खाण्यापिण्याच्या वस्तूंवर ८. हिशेब करायचा तो बारीक आकड्यावरून.

बारीक आकड्याची ही गोष्ट पुढे सगळीकडे लागू पडते. या दुकानांत जे मोठ्यानं सांगितलेलं असतं ते खोटं नसतं, पण पुरं नसतं. पुरं तिथेच, खाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. ते लपवलेलं नाही. ते वाचायची तसदी घ्यायची की नाही, एवढंच आपल्यावर सोपवलेलं आहे.

मात्सुमोतो कियोशी, म्हणजे सगळे ज्याला मात्सुकियो म्हणतात ते पिवळ्या पाटीचं दुकान, १९३२ मध्ये चिबा प्रांतातल्या मात्सुदो भागात साधं औषधांचं दुकान म्हणून सुरू झालं. दुकानाचं नाव हे मालकाचंच नाव. हे गृहस्थ पुढे मात्सुदोचे महापौर झाले आणि १९६९ मध्ये त्यांनी पालिकेत 'लगेच करू' नावाचा विभागच काढला. उघडं गटार, रस्त्यातला खड्डा, मधमाश्यांचं पोळं, तक्रार आली की माणूस निघाला. (आपल्या महापालिकांनी अभ्यासदौऱ्यासाठी जपानच निवडला तर निदान मात्सुदोला उतरावं.) २०२१ मध्ये ही साखळी आणि कोकोकारा फाइन एकत्र आल्या. बाकी वेलशिया, त्सुरुहा, सुगी, सनड्रग, कॉसमॉस अशी नावं शहर आणि वस्तीप्रमाणे बदलतात, पण आतली मांडणी सारखीच. दाराबाहेर टॉयलेट पेपरचे गठ्ठे आणि पाण्याच्या बाटल्या, अगदी पडत्या भावात, माणसाला आत ओढायला. दारातच रंगीबेरंगी मेकअप, मध्ये चेहऱ्याचं आणि केसांचं सामान, सगळ्यात आत औषधं. नफा आतल्या मालावर, गर्दी बाहेरच्या मालावर.

फळीवर मात्र खरी वाटणी वेगळीच असते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. कायद्याच्या लेखी इथे तीन जाती आहेत: औषध, प्रसाधन, आणि या दोहोंच्या मधलं 'इयाकुबुगाइहिन', म्हणजे औषध नव्हे पण नुसतं प्रसाधनही नव्हे. पुढच्या बाजूला 'याकुयो' असं लिहिलेलं असलं की ती वस्तू या मधल्या जातीतली. तिच्यात सरकारनं मान्य केलेला एखादा गुणकारी घटक ठरलेल्या प्रमाणात असतो आणि त्या घटकापुरताच दावा करायची मुभा असते. मुरुमं टाळतं, खरखरीतपणा टाळतं, काळे डाग पडणं रोखतं, असं. साध्या प्रसाधनाला कायद्यानं मोजून ५६ गुण सांगता येतात. त्यातला शेवटचा, 'कोरडेपणामुळे पडणाऱ्या बारीक सुरकुत्या कमी दिसतात', हा २०११ मध्ये यादीत आला, आणि तोही चाचणी केलेल्या मालालाच.

घटकांची यादी वाचून माल घेणाऱ्यांची इथे हमखास फसगत होते. प्रसाधनांवर सगळे घटक छापणं एप्रिल २००१ पासून सक्तीचं आहे आणि ते जास्तीकडून कमीकडे लिहायचे असतात. एक टक्क्याहून कमी असलेले मात्र कुठल्याही क्रमानं आणि रंग सगळ्यात शेवटी. त्यामुळे यादीच्या मध्यात कुठेतरी एखाद्या फुलाचा अर्क आणि लगेच त्याच्या आजूबाजूला परिरक्षक (माल टिकवणारा, सहसा एक टक्क्याहून कमीच घातलेला घटक) दिसला, तर तो अर्क नावापुरताच आहे असं समजायला हरकत नाही. इथपर्यंत आपलं ज्ञान चालतं. पण 'याकुयो' बाटलीवर गुणकारी घटक आधी वेगळा लिहितात, मग 'इतर घटक', आणि या इतरांचा क्रम प्रमाणानुसार असलाच पाहिजे असं नाही. गुणकारी घटक किती टक्के, तेही सहसा छापत नाहीत. आधी लिहिलंय म्हणजे भरपूर असणार, हा हिशेब इथे चालत नाही. फोनचा कॅमेरा धरून भाषांतर करणारी माणसं घटकांची नावं नीट वाचतात आणि क्रमाचा अर्थ चुकीचा लावतात, ते यामुळे.

आणि मग ती खूण. फुलीच्या चारी खणांत एकेक ठिपका, अशी एक खूण जपानी छपाईत जिथे तिथे दिसते. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात 'खोलवर मुरतं' असं लिहिलेलं असतं आणि त्या शब्दाच्या डोक्यावर ती इवलीशी खूण. बाटली फिरवायची, तीच खूण तळाशी शोधायची, तिथे लिहिलेलं सापडतं: 'शृंगस्तरापर्यंत'. म्हणजे कातडीचा अगदी वरचा मेलेला थर, जाडी सुमारे ०.०२ मिलिमीटर. 'वयानुसार काळजी'वर खूण असते, खाली खुलासा: 'वयाला साजेशी निगा'. म्हणजे वय मागे जाईल असं कुणी म्हटलेलंच नाही. 'ॲलर्जी चाचणी केलेली'वर खूण, खाली: 'सर्वांनाच ॲलर्जी होणार नाही असं नव्हे'. 'पहिला क्रमांक'वर खूण, खाली कुठल्या गटात आणि कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत. गट कधी कधी इतका बारीक कातरलेला असतो की त्यात दुसरा क्रमांक कुणाचा आला असेल याचीच उत्सुकता वाटावी. 'काहीही मिसळलेलं नाही'वर तर खूण हवीच, कारण काय मिसळलेलं नाही ते खाली सांगितल्याशिवाय त्या शब्दाला अर्थच नाही. या खुणा वाचायची सवय लागली की फळीसमोर उभं राहणं करमणुकीचं होतं. दुकानातल्या पोरींनी रंगीत पेनांनी हातानं लिहिलेली पुठ्ठ्याची कार्डं वर उद्गारचिन्हांनी ओरडत असतात आणि खाली वकिलानं तपासलेली अक्षरं शांतपणे त्यांना दुरुस्त करत असतात.

एक शब्द मात्र नुसत्या खुणेवर भागत नाही. तो म्हणजे 'बिहाकु', गोरेपणाच्या मालावर असतो तो. आपल्या बायका लांबून आलेल्या असतात, कुणाच्या गालावर वांग असतो, कुणाला मुरुमांचे डाग, आणि 'जपानी माल' म्हटलं की मनात एक आशा असते. कायद्यानं या मालाला म्हणता येतं ते इतकंच: 'मेलॅनिन तयार होणं आटोक्यात ठेवून डाग आणि वांगठिपके पडू देत नाही'. पडू देत नाही. पडलेले घालवतो असं नाही, आणि रंग उजळवतो असं तर नाहीच. ट्रॅनेक्झामिक ॲसिड, आर्ब्युटिन, व्हिटॅमिन सीची रूपं, नायसिनामाइड हे इथले नेहमीचे घटक. ते उन्हाळा सुरू व्हायच्या आधीपासून नियमित लावले आणि वरून सनस्क्रीन न चुकता लावलं, तर उपयोगाचे. सनस्क्रीन टाळून नुसती ही बाटली रिकामी केली तर पैसे पाण्यात.

या शब्दाची एक काळी बाजूही आहे. र्‍होडोडेनॉल नावाच्या घटकाला २००८ मध्ये मान्यता मिळाली होती. ४ जुलै २०१३ रोजी कानेबो गटानं तो घटक असलेली आपली ५४ उत्पादनं बाजारातून परत बोलावली, कारण ती लावणाऱ्यांच्या चेहऱ्यावर आणि हातांवर पांढरे चट्टे पडू लागले होते. बाधितांचा आकडा पुढे १९,००० च्या वर गेला. मान्यताप्राप्त घटक, नावाजलेली कंपनी, सगळं नियमात. सरकारी शिक्क्यावर डोळे मिटून विश्वास टाकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, आणि 'याकुयो' क्रीमनंही खाज, आग किंवा रंगात फरक जाणवला तर 'मुरतंय, कामाला लागलंय' असं स्वतःला समजावत बसू नये. काओ कंपनीनं २०२१ मध्ये 'बिहाकु' हा शब्द वापरणं सोडायचं जाहीर केलं. आदल्याच वर्षी आपल्याकडे 'फेअर'चं 'ग्लो' झालं होतं. ट्यूब मात्र दोन्हीकडे त्याच फळीवर आहे.

वांगासाठी येणाऱ्यांना दुकानाच्या आतल्या टोकाला आणखी एक खोकं खुणावतं, ट्रान्सिनो २. ही पोटात घ्यायची गोळी आहे, २००७ पासून बाजारात आलेल्या ट्रान्सिनोची पुढची आवृत्ती, पहिल्या वर्गाचं औषध. फळीवर असतं ते रिकामं खोकं. ते घेऊन गल्ल्यावर जायचं, फार्मासिस्ट प्रश्न विचारणार, मगच गोळ्या. फार्मासिस्टची वेळ संपली असेल तर दुकान उघडं असूनही मिळत नाही. गोळी फक्त वांगासाठी आहे, बाकी डागांसाठी नाही, दोन महिन्यांच्या वर सलग घ्यायची नाही, आणि रक्तात गुठळ्या झाल्याचा इतिहास असेल तर अजिबात नाही. म्हणून पुण्यातल्या वहिनींसाठी परस्पर चार खोकी नेण्याचा बेत असेल तर तो सोडावा. गंमत म्हणजे त्याच नावाची, तशाच पांढऱ्या खोक्यातली व्हिटॅमिन सीची गोळी शेजारी असते, ती खालच्या वर्गातली, आणि कुणीही न विचारता हातात पडते. खोक्यावरचा वर्गाचा आकडा बघितला नाही तर घरी येऊन वेगळीच गोळी चालू होते.

रोजच्या वापराच्या मालाकडे वळलं की मात्र जीव रमतो. चेहऱ्याच्या सामानातली पहिली बाटली पाण्यासारखी पातळ असते, तिला इथे सगळे लोशन म्हणतात. आपण हातापायाला लावायचं लोशन समजून उचललं तर घरी गेल्यावर पायावरून ओघळतं. ती चेहरा धुतल्यावर लगेच लावायची. प्रमाण बहुधा ५०० येनच्या नाण्याएवढं लिहिलेलं असतं, म्हणजे तळहातावर अडीच सेंटिमीटरचं थारोळं. चोळायचं नाही, दोन्ही तळव्यांनी दाबत जायचं. त्यावर दुधासारखं पातळ 'न्युएकी', ते पाणी अडवायला. एकाच नावाच्या बाटल्या दोनतीन प्रकारांत असतात. 'साप्पारी' म्हणजे हलकी, 'शित्तोरी' म्हणजे ओलसर, आणि 'तोतेमो शित्तोरी' म्हणजे फारच ओलसर. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत 'साप्पारी'च घ्यावी. 'तोतेमो' नागपूरच्या जानेवारीत ठीक. हायालुरॉनिक ॲसिडवाली हादा लाबोची बाटली सगळ्यांच्या यादीत असते आणि तिची तक्रारही ठरलेली: वरून सनस्क्रीन लावलं की चेहऱ्यावरून मळासारख्या वळ्या निघतात. दोष बहुतेकदा बाटलीचा नसतो. चिकट थर वाळायच्या आत सिलिकॉन असलेलं सनस्क्रीन घासलं की तसं होतं. लोशन निम्मं करायचं, दोनतीन मिनिटं थांबायचं, आणि सनस्क्रीन चोळण्याऐवजी थापायचं. पैसे वाचवायचे असतील तर हातोमुगी या धान्याच्या अर्काचं किंवा किकुमासामुने या १६५९ पासूनच्या कोबेच्या साके बनवणाऱ्यांचं ५०० मिलिलीटरचं लोशन घ्यावं. मानेला, हातांना सढळ हातानं लावता येतं. साकेवाल्याला दारूचा हलका वास असतो, घरात कुणाच्या भुवया उंचावणार असतील तर आधीच सांगून ठेवलेलं बरं.

मेकअप काढायच्या तेलाची बाटली लोक सगळ्यात चुकीची वापरतात. कृती बाटलीवर चित्रांनी दाखवलेली असते, तरी. हात कोरडे, चेहरा कोरडा. दोनतीन वेळा पंप दाबून तेल घ्यायचं, चेहऱ्यावर हलक्या हातानं फिरवायचं, अर्धा मिनिट, फार तर एक. मग बोटं थोड्या पाण्यात बुडवून पुन्हा चेहऱ्यावर फिरवायची. तेल एकदम पांढरं आणि पातळ होतं, तो क्षण महत्त्वाचा. त्यानंतरच कोमट पाण्यानं धुवायचं. ही मधली पायरी गाळून थेट नळाखाली गेलं की तेल मळ घेऊन कातडीवरच राहतं आणि आठवड्याभरात कपाळावर पुळ्या येतात. आधीच हात ओले असतील तर तेल हातातच पांढरं होतं आणि मेकअप जागचा हलत नाही. आंघोळीच्या वेळी वापरायचं असेल तर 'ओल्या हातांनी चालेल' असं लिहिलेली बाटली वेगळी मिळते. मस्काराचंही तसंच. इसेहान कंपनीच्या हिरोइन मेकच्या खोक्यावर डोळ्यांत चांदण्या असलेली कॉमिकमधली नायिका असते. तिच्या आत दोन स्वभावांचे मस्कारे आहेत, एक कोमट पाण्यानं पापुद्र्यासारखा निघणारा आणि दुसरा वॉटरप्रूफ, जो तेलाशिवाय निघत नाही. दुसरा घेऊन साबणानं घासत बसलं की आधी पापण्या गळतात. बाय द वे, ही इसेहान १८२५ सालची, करडईच्या फुलांपासून ओठांचा लाल रंग बनवणारी. तो रंग अजूनही बनतो, पण ड्रगस्टोअरमध्ये नाही मिळत.

सनस्क्रीनसाठी मात्र जपानी फळीला तोड नाही, हे माझं ठाम मत. एसपीएफचा आकडा ५० च्या वर जात नाही, पुढे नुसतं अधिक चिन्ह. पीए हे मोजमाप १९९६ चं जपानी, त्याच्यापुढे अधिक चिन्हं असतात. चौथं अधिक चिन्ह २०१३ मध्ये आलं आणि त्याचा अर्थ उन्हातल्या यूव्हीए किरणांपासूनचं संरक्षण १६ पट किंवा जास्त. डिसेंबर २०२२ पासून पाण्यात टिकण्यासाठी एक किंवा दोन तारे असतात. एक तारा म्हणजे ४० मिनिटं पाण्यात राहून केलेली चाचणी, दोन तारे म्हणजे ८०. हे सगळे आकडे दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम या हिशेबानं निघालेले असतात, आणि घोळ इथेच आहे. बाटलीवर लिहिलेलं असतं, १ येनच्या नाण्याएवढं घ्या आणि पुन्हा एकदा तेवढंच. १ येनचं नाणं ॲल्युमिनियमचं, व्यास २ सेंटिमीटर. खिशात सापडेलच, तळहातावर ठेवून बघावं. बहुतेक बायका त्याच्या निम्म्यावर थांबतात आणि मग अलिबागला काळवंडून आल्यावर ट्यूबला नावं ठेवतात. पातळ एसेन्समध्ये इथेनॉल यादीत अगदी वर असतं, डोळ्यांच्या कडेला चुरचुरतं, आणि लावताना ते उडून जातं म्हणूनच तो थर इतका हलका वाटतो. दुधाळ बाटलीत छर्‍याचा आवाज येतो, ती हलवल्याशिवाय लावली तर आधी नुसतं तेलकट पाणी आणि महिन्याभरानं तळाचा चुना. 'साबणानं निघतं' लिहिलेलं नसेल तर रात्री ते मेकअप काढायचं तेल लागणारच. आणि 'टोन-अप' लिहिलेली जांभळट, गुलाबी ट्यूब आपल्यासाठी नाही. गव्हाळ, सावळ्या कातडीवर ती राखेसारखी बसते.

तेच फाउंडेशनचं. चार पावलांवर कॅनमेक, सेझान आणि मोठ्या कंपन्यांच्या स्वस्त मालाचे आरसे लावलेले कप्पे असतात, नमुने हातावर लावून बघायला ठेवलेले, पुसायला कागद ठेवलेला. ओकर १०, ओकर २०, ओकर ३०, एकात गुलाबी झाक, एकात पिवळी. मनगटाच्या आतल्या बाजूला सगळ्यात गडद पट्टा ओढला तरी तो वेगळा दिसतो, उजळ दिसतो. निशिकासाईसारख्या भारतीय वस्तीतल्या दुकानातही फळी तीच असते. विकणारी मुलगी मनापासून शोधते, खालचा खण उघडते, मग मान तिरकी करून हवा आत ओढते आणि माफी मागते. लिपस्टिक, ब्लश, काजळपेन्सिल घ्यावी, रंग मस्त असतात. फाउंडेशनसाठी मुंबईतलंच दुकान बरं. राग यावा असं यात कुणीच केलेलं नसतं, तरी त्या आरशासमोर जरा वेळ उभं राहिलं की उगाच अवघडल्यासारखं होतं.

केसांच्या रांगेत अक्षरं वाचायचीही गरज पडत नाही अशी एक जागा आहे. शॅम्पूच्या बाटलीच्या कडेवरून डोळे मिटून बोट फिरवावं. आडव्या बारीक रेघा एकाखाली एक हाताला लागतात. कंडिशनरच्या बाटलीला त्या नसतात. १९९१ मध्ये काओनं हे सुरू केलं, दृष्टिहीनांना दोन्हींतला फरक कळावा म्हणून, आणि बाकीच्या कंपन्यांनीही तेच उचललं. आता अंगाच्या साबणाच्या बाटलीलाही एक सरळ उभी रेघ असते. डोळ्यांत फेस गेलेल्या कुणालाही ती उपयोगाची. गावाकडे आईला चष्म्याशिवाय दोन बाटल्यांतला फरक कळत नाही, तिच्यासाठी शॅम्पू नेताना बाटलीच न्यावी. निव्वळ रिफिलचं पाऊच नेलं तर त्या रेघा इथेच राहतात. पाऊच स्वस्त असतं हे खरं, पण जुन्या बाटलीत थेट ओतलं की बिघडतं. बाटली आणि पंपाची नळी धुऊन पूर्ण वाळवायची, कारण उरलेल्या पाण्यानं परिरक्षक पातळ होतो आणि बुरशी धरते. फिनो या केसांच्या मास्कचा २३० ग्रॅमचा लाल डबा सगळे नेतात. तो केसांच्या खालच्या निम्म्या भागाला लावायचा, टाळूला नाही. ओशिमा त्सुबाकीचं तेल १९२७ पासूनचं, कॅमेलियाच्या बियांचं. आपण तेल वाटीत घेणारी माणसं, हे मात्र थेंबांत मोजायचं. दोनतीन थेंब तळव्यावर पसरून ओल्या केसांना. चंपी करायला गेलं तर आठवड्यात बाटली रिकामी.

ऋतूप्रमाणे कोपऱ्यातला माल बदलतो. फेब्रुवारीत परागकणांमुळे मास्क आणि नाकाचे फवारे, जूनपासून घाम पुसायचे मेंथॉलचे कागद, थंडीत चिकटवायची गरम पाकिटं आणि युस्किन. हे १९५७ पासूनचं पिवळं क्रीम, पिवळं ते व्हिटॅमिन बी२ मुळे, उशीच्या अभ्र्यालाही लागतं. भेगाळलेल्या टाचांसाठी २० टक्के युरियाचं क्रीम औषधांच्या फळीवर शोधावं, मात्र उघड्या भेगेवर लावलं तर डोळ्यांतून पाणी येतं. डोळ्यांच्या थेंबांबद्दल एकच: खोक्यावर गारव्याची पट्टी असते, तिच्या वरच्या टोकाचे थेंब पहिल्यांदाच घालून गाडी चालवायला बसू नये. लाली लगेच घालवणाऱ्या थेंबांत रक्तवाहिन्या आकसवणारा घटक असतो, रोज घातले तर लाली उलटून परत येते. गुलाबी थेंब बी१२ मुळे गुलाबी, रंग घातलेला नाही. कॉन्टॅक्ट लेन्सवर चालतात की नाही ते खोक्यावर वेगळं लिहिलेलं असतं.

पैसे देताना पासपोर्ट हातात हवा, फोटो किंवा झेरॉक्स चालत नाही. एकाच दुकानात एकाच दिवशी कर सोडून ५,००० येनची खरेदी झाली की पर्यटकाला कर माफ होतो. प्रसाधनं सीलबंद पिशवीत मिळतात आणि ती देश सोडेपर्यंत उघडायची नसते. म्हणजे आज रात्री लागणारं सनस्क्रीन वेगळं, कर भरून घ्यायचं. १ नोव्हेंबर २०२६ पासून पद्धत बदलते: आधी कर भरायचा, निघताना परत मिळवायचा, पिशवीचं सील जातं. पातळ माल सगळा चेक-इनच्या बॅगेत, फवाऱ्याचे डबे प्रत्येकी ५०० मिलिलीटरच्या आत आणि सगळे मिळून २ लिटर. पंपाच्या बाटलीचं डोकं फिरवून बंद केलं तरी हवेच्या दाबानं गळतं, म्हणून पंप काढून तोंडावर प्लास्टिकचा तुकडा ठेवून परत घट्ट लावायचा.

गल्ल्यावर आणखी एक गोष्ट घडते. सॅनिटरी पॅड घेतले असतील, रात्रीचे ३६ सेंटिमीटरचे किंवा ४० चे, पंखवाले, तर गल्ल्यावरची मुलगी बाकीच्या वस्तू तशाच ठेवून ते पाकीट तेवढं तपकिरी कागदी पिशवीत घालते, कडा दुमडते, टेप लावते. जुलै २०२० पासून प्लास्टिकच्या पिशवीचे पैसे पडतात, पण ही कागदी पिशवी बहुतेक ठिकाणी फुकट. सांगलीच्या मेडिकलमध्ये वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत दिलेलं पाकीट ज्यांनी आयुष्यभर घेतलंय, त्यांना इतक्या लांब, इतक्या उजेडाच्या, इतक्या सफाईदार दुकानात हे बघून हसावं की चिडावं कळत नाही. २०१९ मध्ये पॅड बनवणाऱ्या युनिचार्म कंपनीनं ही पिशवी नको म्हणणाऱ्यांसाठी मोहीमही काढली होती. आता काही दुकानांत आधी विचारतात. विचारलं नाही आणि नकोच असेल, तर तिचा हात पिशवीकडे जायच्या आत 'सोनोमामा दे' म्हणायचं, आहे तसंच द्या, आणि पाकीट शॅम्पूच्या शेजारी टाकून निघायचं.